शंकामॅडमची रिकामी चकती

शंकामॅडमना कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की त्या आधी त्या माणसाकडे नीट बघून घ्यायच्या. हा आज एवढा का हसतोय, याचा अंदाज आल्यावरच उत्तर मिळायचं. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलींना वाटायचं, बाईंना ऐकू कमी येत असावं. ऐकू त्यांना उत्तम यायचं. शेजारच्या खोलीत कुणाच्या हातून काचेची नळी फुटली आणि त्यानं तुकडे पायानं हळूच टेबलाखाली सारले, तरी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "काय फुटलं? आणि लपवताय कशाला?"

त्यांच्या दारावर खऱ्या नावाची पाटी होती, पण ती वाचायची गरज कुणाला पडली नाही. आमच्या आधीच्या कुठल्यातरी बॅचनं त्यांना शंकामॅडम केलं आणि त्या तशाच राहिल्या. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा मला म्हणाल्या, "हे नाव कुणी पाडलं ते मला एका मुलानं येऊन सांगितलंय. पण तो त्या दिवशी फार गोड बोलत होता, म्हणून अजून मी ते खरं धरलेलं नाही."

सोलापुरात एका संस्थेच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. उन्हाळ्यात गच्ची तापली की आमची डोकी तापायची, पण पेशींच्या इन्क्युबेटरमध्ये मात्र अंगाच्या उष्णतेइतकंच तापमान ठेवावं लागायचं. त्यात एक थर्मामीटर होता. मॅडमनी त्याच्या शेजारी दुसरा ठेवला होता, पहिल्यावर लक्ष ठेवायला. दोघांचं पटेना तेव्हा त्यांनी तिसरा आणला आणि आम्हाला म्हणाल्या, "तिघंही लबाड निघाले तर मला बोलवा."

प्रयोगाच्या डब्यांवर औषधांची नावं लिहायला त्यांनी बंदी केली होती. कुठल्या डबीत औषध आणि कुठल्या डबीत नुसतं पाणी, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, हा त्यांचा नियम. म्हणून त्या स्वतः डब्यांना भाज्यांची नावं द्यायच्या आणि खरं काय ते आपल्यापाशीच ठेवायच्या. मग दोडका, घेवडा, भोपळा असे आमचे प्रयोग चालायचे. बाहेरून कुणी पाहुणे आले आणि त्यांच्यासमोर एखादी मुलगी "सर, घेवडा आक्रसलाय" असं म्हणाली, की आमच्या विभागप्रमुखांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मॅडमचं म्हणणं एवढंच, की डोळ्यांना काय बघायचंय ते आधी कळलं की डोळे तेच बघतात.

त्यांची आणखी एक सवय मला सुरुवातीला फार जाचायची. प्रयोग फसला की त्या काही बोलायच्या नाहीत. प्रयोग यशस्वी झाला, आपण नाचत सांगायला गेलो, की चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "चांगलं आलंय? मग परत कर." का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार. "वाईट निकालावर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्यात कुणाचाच फायदा नसतो."

हा संशय त्यांच्याकडे वडिलांकडून आला होता. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सूत रंगवायचे. रंग कितीही झकास उतरलेला असो, ओलं पांढरं फडकं घासून बघितल्याशिवाय ते माल पुढे जाऊ द्यायचे नाहीत. मालक चिडायचा, कोरडं फडकं घासा म्हणायचा. त्यावर ते तेलुगूतून काय म्हणायचे ते मॅडम आम्हाला मराठी करून सांगायच्या, "कोरड्या फडक्याला सगळेच रंग पक्के." सांगताना त्या हसायच्या. त्या हसताना दिसायच्या अशा जागा फार थोड्या होत्या.

मी टेंभुर्णीची. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, हायवेला पंक्चरचं दुकान होतं. मी कॉलेजात असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. जीव वाचला, पण डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं की हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेलाय आणि त्या जागी व्रण झालाय. तेवढी जागा आता ताणत नाही, आकुंचन पावत नाही, आणि बाकीच्या हृदयाला तिचंही काम करावं लागतं. अण्णांना हे लगेच समजलं. आयुष्यभर ट्यूबला ठिगळं लावलेला माणूस. "म्हंजी आतनं ठिगळ बसलंय की," ते म्हणाले. "मग ते काढता येत न्हाय व्हय?" डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. ते काढणं जगात अजून कुणाला जमलेलं नाही, असंही म्हणाले.

म्हणून मी या प्रयोगशाळेत आले, आणि हे मॅडमनाही सांगितलेलं होतं. बाकी मुलींना पदवी हवी होती, ती मलाही हवी होतीच, पण मला त्याआधी ते ठिगळ काढायचं होतं. मी सुट्टीला घरी गेले की अण्णा चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "निगालं का गं कायतरी?" मी नाही म्हटलं की म्हणायचे, "निगंल की. काय गडबड न्हाय." त्यांना जिना चढताना दम लागायचा, आणि ते जिन्यालाच नावं ठेवायचे.

आमचं काम सांगायला सोपं होतं. जिवंत माणसाच्या हृदयावर प्रयोग करता येत नाहीत, म्हणून आम्ही डबीत हृदयाच्या स्नायूचा छोटासा तुकडा बनवायचो. कोलॅजन नावाचं एक चिवट प्रथिन असतं, आपल्या कातडीत आणि हाडांत असतं तेच. त्याची जेली करून तिच्यात हृदयाच्या पेशी मिसळायच्या, की रुपयाएवढी चकती तयार व्हायची. त्यात व्रणाचे तंतू विणणाऱ्या पेशीही असायच्या. त्यांच्यावर एका द्रव्याचा थेंब टाकून त्यांना डिवचलं की त्या जेलीला चहूबाजूंनी ओढायला लागायच्या आणि चकती आक्रसून बटणाएवढी व्हायची. तोच आमचा डबीतला व्रण. एखाद्या औषधानं हे आक्रसणं थांबलं, तर ते औषध कामाचं असण्याची शक्यता होती.

आमच्या विभागप्रमुख सरांना डाळिंबाच्या सालीची कल्पना सुचली. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं, साल फुकट जाते, आणि तिच्यात गुण आहेत असं सगळे म्हणतातच. मी सालीचा अर्क काढला, डिवचलेल्या चकत्यांवर घातला, आणि चकत्या आक्रसल्या नाहीत. जशाच्या तशा, रुपयाएवढ्या. मी मॅडमच्या खोलीत धावत गेले. "परत कर," त्या म्हणाल्या. परत केलं. तसंच आलं. त्यांनी भाज्यांची नावं अदलाबदल करून पुन्हा करायला लावलं, तरी तसंच आलं. सरांनी पेढे आणले. मॅडमनी पेढा घेतला, कागदावर ठेवला, आणि विचारलं, "चकती आक्रसली नाही ती पेशी शांत बसल्या म्हणून, की त्यांना ओढताच येईना म्हणून?"

मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "रिकामी चकती केली का कुणी?"

रिकामी चकती म्हणजे नुसती जेली, तिच्यात एकही पेशी नाही. तिच्यावर अर्क घालून बघायचं. आमच्यापैकी कुणाच्या हे मनातही आलं नव्हतं. औषध पेशींसाठी, आणि पेशीच नाहीत तिथं ते कशाला वाया घालवायचं? शिवाय कोलॅजन कायम तुटपुंजं. सर म्हणाले, "रिकाम्या चकतीत काय दिसणार, कपाळ?" आणि सगळ्यांबरोबर मीही हसले.

पुढे सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या बाईंना कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही." मला ते पटलं. संशय घ्यायला मॅडमनीच शिकवलं होतं, मग तो त्यांच्यावर का घेऊ नये? माझं काम यांना स्वतःच्या नावावर करायचंय, नाहीतर बिघडवायचंय, असं काहीबाही डोक्यात यायला लागलं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीतून लवकर परतले तर मॅडम माझ्या डब्या उघडून बसलेल्या. हातात चिमटा. मी ओरडलेच, "काय करताय तुम्ही?"

"तुझ्यावर संशय घेतेय," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "तू माझ्यावर घे. घ्यायलाच पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून मी डब्यांना चिकटपट्टी लावून तिच्यावर सही करायला लागले. मॅडमनी ती बघितली आणि त्यांना मनापासून आनंद झाला. "हे बरं केलंस. पण रोज सकाळी सही तुटलीय का बघत जा. नुसती पट्टी लावून काय उपयोग?" असल्या माणसावर रागावून तरी किती रागावणार?

त्यातच सर एका वार्ताहराशी बोलले. 'डाळिंबाच्या सालीने हृदयाचा व्रण बरा होणार' अशा मथळ्याची बातमी आली, सरांच्या फोटोसकट. प्रयोगशाळेत सगळ्यांनी ती वाचली. मॅडम तो पेपर घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. निकालाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. "हा पेपर टेंभुर्णीला जातो का?" त्यांनी विचारलं.

"जातो की."

"घरी फोन लाव. आणि आवाज मोठा ठेव."

फोन आईनं उचलला. मॅडमनी आपली ओळख सांगितली आणि अण्णांची तब्येत विचारली.

"लई बरं हाय बघा आता," आईचा आवाज आनंदानं भरलेला होता. "मी रोज साली उकळून देती न्हवं त्येंना. तुमच्याच औषधाचं पेपरात आलंय की!"

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या?"

"त्या बंद केल्यात त्येनी. गोळीनं गरगरतंय म्हणत हुते. आता पोरीचंच औषध निगालंय, मग दोन-दोन कशाला, म्हणत्यात."

मी अण्णांना बोलावून घ्यायला सांगितलं. गोळ्या चालू करा म्हटलं, मी रागावले, विनवलं. अण्णा हसतच होते. "तुजंच औषध घेतोय की पोरी. आन तूच न्हाय म्हणतीस व्हय? मग ते खोटं हाय का?" आणि ते खोटं आहे, एवढे शब्द माझ्या तोंडून निघेनात. मला ते खरं हवं होतं. डाळिंबाच्या सालीनं माझ्या बापाचं ठिगळ निघावं असं मला मनापासून हवं होतं.

मॅडमनी माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. "आज रिकामी चकती कर," त्या म्हणाल्या.

केली. पेशी नसलेल्या दोन चकत्या, एकीवर पाणी, दुसरीवर सालीचा अर्क. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी डब्या घेऊन बसलो. पाण्यातली चकती चिमट्यानं उचलायला गेले तर ती लुळी पडून निसटली, जेली निसटते तशी. अर्कातली चिमट्यात उचलली आणि ती चामड्याच्या तुकड्यासारखी ताठ उभी राहिली. वाकवून बघितली, वाकेना. आत ओढणारं कुणी नव्हतंच. सालीनं नुसत्या जेलीला कमावून टाकलं होतं. म्हणजे इतके दिवस आमच्या पेशी बिचाऱ्या शांत बसल्या नव्हत्या, त्या जीव तोडून ओढत होत्या, पण जेलीच कडक झाल्यामुळे चकती हलत नव्हती. जे आम्ही व्रणाचं औषध समजत होतो, त्यानं व्रणासारखंच कडक काहीतरी बनवलं होतं.

"सालीतल्या तुरट द्रव्यानं कातडं कमावतात," मॅडम स्वतःवर चिडून बोलत होत्या. "सूतही रंगवतात. रंगाऱ्याची मुलगी मी. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं." मी रडायला लागले. त्यांनी माझ्या पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. खुर्ची पुढे सरकवली. "रडून घे," म्हणाल्या. "मग आपल्याला टेंभुर्णीला जायचंय."

एसटीत बसायच्या आधी त्यांनी गाडी टेंभुर्णीला थांबते का, हे कंडक्टरला विचारलं, मग ड्रायव्हरला विचारलं, आणि मग शेजारच्या बाईलाही. मांडीवर जेवणाचा डबा होता, त्यात त्या दोन चकत्यांच्या डब्या. दुकानात अण्णा स्टुलावर बसले होते. मॅडमना बघून उठायला लागले, तर मॅडमनी त्यांना बसवलं आणि समोर दोन्ही डब्या उघडल्या.

"ही पाण्यातली. ही सालीतली. बोट लावून बघा."

अण्णांनी फडक्याला हात पुसून आधी एक दाबली, मग दुसरी. दुसरी त्यांनी पुन्हा दाबून बघितली. "ही तर कडक झालीय की."

"सालीनं झालीय. आम्हाला वाटलं होतं, साल व्रण थांबवते. ते चुकलं. तुमच्या व्रणाला ती काही करते, असं म्हणायला माझ्याकडे काहीही नाही."

बाहेर ट्रक जात होते. आई दारात उभी होती, तिच्या हातात काढ्याचा पेला तसाच. मला तिच्याकडे बघवेना. मग अण्णांनी गोळ्यांची पाकिटं काढून मॅडमपुढे टाकली. "मग ह्या तरी खऱ्या कशावरनं?" त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो त्यांना शोभत होता. "सगळीच हो-हो म्हणत्यात. डॉक्टर म्हणतोय, पेपर म्हणतोय."

मॅडमनी पाकिटं एकेक करून डोळ्यांजवळ नेली. नावं वाचली, मुदत बघितली. "यांच्यावर संशय घेऊन झालाय, अण्णा," त्या म्हणाल्या. "माझ्याआधी पुष्कळांनी घेतलाय, पुष्कळ वर्षं. या ठिगळ काढत नाहीत. पण उरलेल्या हृदयाचं ओझं हलकं करतात. गरगरतंय तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील. आपल्या मनानं बंद करू नका."

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि मग त्यांना हसूच फुटलं. "संशय घिऊन झालाय व्हय!" त्यांनी आईला पाणी आणायला सांगितलं आणि मॅडमच्या देखत गोळी घेतली. त्यानंतर त्यांनी गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. रोज सकाळी आईला हाक मारायचे, "आण गं ती संशय घिऊन झालेली गोळी."

पेपरात दुरुस्ती कधी आली नाही. सरांनी तो विषय काढणं सोडलं, प्रकल्प गुंडाळला गेला, आणि मॅडमचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्यामागे कोण होतं याचा मला संशय आहे, पण मॅडमनी तोसुद्धा मला घेऊ दिला नाही. "त्यानं काय कळणार आहे?" म्हणाल्या. त्या हैदराबादला बहिणीकडे जायला निघाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात सरांच्या हस्ते शाल आणि नारळ दिला, तर सगळ्यांसमोर त्यांनी नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला. सभागृहात हशा पिकला. मला तेव्हा गलबलून आलं. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "अधूनमधून फोन कर. पण सगळं छान चाललंय असं सांगू नकोस. मला झोप लागणार नाही."

मी फोन करायचे. सगळं छान चाललेलं नसायचंच, त्यामुळे अडचण कधी आली नाही. मला दुसऱ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली, धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. अण्णा नातीला मांडीवर घेऊन दुकानात बसायला लागले. आणि मग हिवाळ्यात एका दुपारी ते त्याच दुकानात बसल्या जागी गेले. व्रणाच्या कडेपाशीच हृदयाचा ठेका बिघडला असावा, असं डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी भेटायला येणारे सगळे काहीतरी चांगलंच बोलत होते. सुटले म्हणाले, पुण्यवान होते म्हणाले, त्रास झाला नाही म्हणाले. मला ते ऐकवेना. मी घरामागच्या गोठ्याआड जाऊन मॅडमना फोन लावला आणि रडतच सांगितलं.

मॅडमनी आधी विचारलं, "गोळ्या चालू होत्या?"

"होत्या. आज सकाळीसुद्धा घेतली."

"एक विचारू का गं?" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "त्या साली खोट्या होत्या, पण त्यांना आशा तरी होती. मी ती त्यांच्या दुकानात येऊन काढून घेतली. बरोबर केलं का मी? इतकी वर्षं मला कळत नाहीये."

आयुष्यभर सगळ्या जगावर संशय घेतलेल्या या बाईनं स्वतःलाही सोडलं नव्हतं. माझं रडणं थांबलं. "मॅडम," मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी आला नसता तर अण्णा तेव्हाच गेले असते. तुमच्यामुळे त्यांनी लेकीचं लग्न बघितलं. नात बघितली. तुमच्यामुळे जगले ते."

"असं म्हणता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "एका माणसावरून काही ठरत नाही."

वाक्य बरोबर होतं, मला त्यात कुठंच चूक काढता येत नव्हती. पण ते पुरं करताना त्यांचा आवाज फुटला, आणि मग बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या रडत राहिलो, फोन कुणीच ठेवला नाही.